मदत हवी आहे : कुर्बानीचं मटण आणि रात्रभर लाईट नाही

म्हसळेकरीण : काल वाऱ्यापावसात रात्री आठला लाईट गेली, आता सकाळचे सात वाजले तरी पत्ता नाही. फ्रीजरमध्ये कुर्बानीचं मटण आहे, दुपारी पाहुणे येतायत. चांगलं उकळून घेतलं तर चालेल ना? लवकर सांगा.

खवय्या_१ : बिनधास्त राहा. गच्च भरलेला फ्रीजर दार न उघडता दोन दिवस थंड राहतो.

डॉक्टरीणबाई : तो हिशेब आधीच उणे १८ ला दगड झालेल्या मालाचा. म्हसळेकरीण, मटण आत कधी गेलं? किती आहे? फ्रीज केवढा?

म्हसळेकरीण : काल संध्याकाळी साडेपाचला. १४ किलो असेल. फ्रीज १९० लिटर, सिंगल डोअर, पण नवा आहे.

बाकावरचा : १९० लिटर फ्रीजच्या एवढ्याशा फ्रीजरमध्ये १४ किलो? पायाने दाबलंत की काय?

सोलापुरी_चादर : आमच्याकडे फ्रीजची भानगडच नाही. लांब पट्ट्या कापायच्या, मीठ-हळद चोळायची, गच्चीवर दोरीला टांगायच्या. दोन-तीन दिवसांत खडखडीत.

डॉक्टरीणबाई : सोलापूरच्या उन्हात. पनवेलला जूनमध्ये टॉवेल वाळत नाही.

म्हसळेकरीण : माझ्या प्रश्नाचं उत्तर कुणी देणार आहे का? आणि पनवेल कसं कळलं?

डॉक्टरीणबाई : बिर्याणीच्या धाग्यावर तुम्हीच लिहिलं होतंत. बकरा कापला कधी, ते सांगा.

म्हसळेकरीण : नमाजनंतर, नऊला. म्हसळ्याला. तिथले वाटे देऊन बाराला निघालो. मटण डिकीत, दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत. माणगावात दीड तास अडकलो, नेहमीचंच.

डॉक्टरीणबाई : हे पहिल्या ओळीत हवं होतं हो! बकऱ्याचं अंग ३९ अंशांच्या आसपास गरम असतं. ताजं मटण ढीग करून प्लास्टिकमध्ये बांधलं की मधली ऊब बाहेर पडतच नाही. त्यात बंद डिकी. कच्चं मटण बाहेर दोन तास, आणि ३२ च्या वर उकाडा असेल तर एकच तास, एवढीच सवलत. तुमचे साडेआठ झाले. मग ते गरम गाठोडं इवल्याशा फ्रीजरमध्ये, अडीच तासांत लाईट गुल. उकळल्यावर जंतू मरतील, पण त्यातल्या काहींनी सोडलेलं विष उकळीला दाद देत नाही. वासावरही जाऊ नका.

खवय्या_१ : आमच्या नानीकडे फ्रीज नव्हता. कुणी मेलं नाही.

बाकावरचा : नानीकडे दुपारनंतर मटण उरायचं का? तीन वाटे व्हायचे, घरचा वाटा लगेच चुलीवर.

खवय्या_१ : व्हिनेगरने धुतलं तरी?

डॉक्टरीणबाई : नाही. आणि नळाखाली तर मुळीच धुवू नका, शिंतोडे ओट्यावरच्या कोथिंबिरीवर उडतात.

खवय्या_१ : न धुता मटण? तोंडात जाईल का?

रानमांजर : मध्येच विचारतो, आमच्या कलेजीवर पाण्याने भरलेले पांढरट फोड आहेत. कापून बाकीची खाऊ का?

डॉक्टरीणबाई : पट्टकृमीच्या (टेपवर्म) अळीचे फोड वाटतात. फोडू नका, ती कलेजी खाऊ नका, आणि कुत्र्याला तर अजिबात घालू नका, त्याच्यामार्फतच हे चक्र चालतं. खोल पुरा, हात साबणाने धुवा.

म्हसळेकरीण : धागा माझा आहे. कुर्बानीचं मटण टाकवत नाही हो. सगळंच गेलं का? काल सकाळी अकराला, आम्ही म्हसळ्याला असताना, बहिणीने आणून ठेवलेलं दीड किलो वेगळं आहे, चपट्या पाकिटांत, फ्रीजरच्या पत्र्याला चिकटवून ठेवलेलं.

बाकावरचा : हेही आत्ता आठवलं!

डॉक्टरीणबाई : तिच्याकडून थेट आलं ना? मग पाकीट दाबून बघा. आत बर्फ करकरतोय तर शिजवा.

म्हसळेकरीण : हो, बहीण खालच्याच मजल्यावर राहते.

म्हसळेकरीण : बघितलं. पाकिटं मधोमध करकरतायत, कडा मऊ. मोठ्या पिशवीत हात घातला तर आत अजून कोमट, बोटांना बुळबुळीत लागलं. अम्मीला फोन केला. आधी काहीच बोलली नाही, मग म्हणाली पुरून टाक, पण कुत्री उकरणार नाहीत एवढं खोल. हे जावेच्या वाडीत घेऊन गेलेत, फावडं तिथेच आहे. दीड किलोचा रस्सा टाकलाय, बटाटे जास्त घातलेत.

डॉक्टरीणबाई : छान. फ्रीजर सोडा घालून पुसा. पुढच्या वर्षी थर्माकोलच्या खोक्यात बर्फ आणि छोटी पाकिटं.

म्हसळेकरीण : आत्ता लाईट आली. रिकाम्या फ्रीजला.

सोलापुरी_चादर : म्हणजे पट्ट्या नाहीच करणार?