थंडी, सर्दी आणि पळणं : तुमचे अनुभव सांगा

पावसाळा सरला की टेकडीवर गर्दी होते. नवे बूट, नवे चेहरे. डिसेंबर उजाडला की ती निम्मी होते, आणि जानेवारीत पहाटे साडेपाचला वेताळ टेकडी चढताना रोजची माणसं बोटावर मोजण्याइतकी उरतात. मी नऊ वर्षं पळते आहे. पुण्याचा उन्हाळा मला कधी आडवा आला नाही. आडवी येते ती थंडी, आणि तिच्या हातात हात घालून येणारी सर्दी.

एका हिवाळ्यात सर्दी झाली म्हणून दोन दिवस सुट्टी घेतली. दोनाचे चार झाले, मग संक्रांत आली, मग पाहुणे. पुन्हा बूट घातले ते महाशिवरात्रीनंतर. त्याची इतकी बोच लागली की पुढच्या वर्षी एकही दिवस चुकवायचा नाही असं ठरवलं. छातीत कफ घरघरत असताना १२ किलोमीटर पळाले आणि आठवड्यात बरा होणारा खोकला पाच आठवडे पुरवला. रात्री नवऱ्याची झोपमोड नको म्हणून हॉलमध्ये झोपायचे.

तेव्हापासून एवढंच शोधते आहे की कुठल्या दिवशी जायचं, कुठल्या दिवशी थांबायचं आणि थांबल्यावर परत कसं यायचं. माझ्यापुरतं सापडलेलं सांगते. रात्रीच खुर्चीवर कपडे घालायच्या क्रमाने लावून ठेवते, सगळ्यात वर मोजे. उठल्यावर विचार करायला जागाच ठेवत नाही. पहिली दहा मिनिटं घरातच जिने चढते-उतरते. आणि एक गंमत टेकडीने शिकवली. थंड हवा जड, ती रात्रभर सखल भागात साचते. खाली पाषाणच्या बाजूला दात वाजत असतात आणि वर पठारावर पोहोचलं की हवा चक्क ऊबदार लागते. त्यामुळे थंडीत मी चढणीनेच सुरुवात करते, अंगही लवकर तापतं.

आता तुम्ही लिहा. कुठे राहता, काय वयाचे आहात, काय चुकलं, काय जमलं. मोठं लिहिलंत तरी चालेल.

निफाड तालुका, द्राक्ष बागायतदार, वय ३८

ताई, तुमचं ते सखल भागाचं अगदी बरोबर. आमच्या बागेतसुद्धा ओढ्याकडच्या ओळींना आधी फटका बसतो. पारा चार-पाचावर आला की रात्री दोनला उठून बागेच्या कडेनं शेकोट्या पेटवायच्या, पहाटे ठिबकनं पाणी सोडायचं, नाहीतर मण्यांना तडे जातात. त्या महिन्यात झोपेचं काही खरं नसतं. आधी मी रात्रभर जागून सकाळी पळायचो आणि दर हिवाळ्यात दोनदा आजारी पडायचो. आता जागरण झालं की दुसऱ्या दिवशी पळणं बंद, दुपारी झोप. बाकीच्या दिवशी दुपारी चारला बांधावरून पाच किलोमीटर. ऊन अंगावर घेत पळायला जी मजा येते ती पहाटेला नाही. पहाटे पळालं तरच खरं, असं कुणी सांगितलं आपल्याला?

मुंबई, बँकेत नोकरी, वय ५२

हे लिहू की नको, दोन दिवस विचार करत होतो. कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून लिहितो.

जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनच्या अर्ध्या अंतरासाठी, म्हणजे २१ किलोमीटरसाठी, मी पाच महिने सराव केला होता. शर्यत रविवारी. गुरुवारी संध्याकाळी कणकण आली, रात्री १०१ ताप. शुक्रवारी अंग मोडून आलं होतं. शनिवारी पॅरासिटामॉल घेऊन ताप उतरला आणि मी स्वतःची समजूत घातली की बरा झालो. बायको म्हणाली, "गोळीने उतरलाय, तुमचा तुम्ही नाही." मी ऐकलं नाही. पाच महिने, भरलेले पैसे, ऑफिसातल्या लोकांना सांगून ठेवलेलं. रविवारी पहाटे आणखी एक गोळी घेऊन माहीमला उभा राहिलो.

सी लिंकवर गार वारा होता, छान वाटायला हवं होतं. घड्याळात पाहिलं तर नाडी १७८. त्या वेगाला माझी एरवी १५० असते. वेग कमी केला तरी ती खाली येईना. पेडर रोडच्या चढावर छातीत दडपण आलं, डाव्या बाजूला कुणीतरी तळहात दाबून धरल्यासारखं. चालत चालत वैद्यकीय मदतीच्या तंबूपर्यंत गेलो. तिथून रुग्णालयात. ईसीजी, रक्त, टूडी एको. विषाणूच्या तापात हृदयाच्या स्नायूला सूज आली होती. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की तापात शरीर आधीच लढत असतं आणि त्यात जोराचा व्यायाम केला तर ही सूज धोक्याच्या वळणावर जाऊ शकते. सहा महिने पळणं बंद. जिनासुद्धा सावकाश.

सहा महिन्यांनी सगळ्या तपासण्या नीट आल्यावर परवानगी मिळाली. पहिल्या दिवशी शिवाजी पार्कला एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, असं १५ मिनिटं केलं. कट्ट्यावर बसून रडलो. आज दोन वर्षं झाली, व्यवस्थित पळतो. पण ताप आला की, साधा ९९ असला तरी, बूट कपाटात. ताप गोळीशिवाय पूर्ण गेल्यावर काही दिवस नुसतं चालतो, मग पळतो. आणि कितीही महत्त्वाची शर्यत असली तरी घरचं माणूस नको म्हणालं की नाही जायचं.

नागपूर, शिक्षिका, वय ४१

मुंबईच्या दादांनी लिहिलं ते फार मोलाचं आहे. माझ्या डॉक्टरांनी मला मानेची खूण सांगितली होती, ती इथे देते. त्रास मानेच्या वर असेल, म्हणजे नाक गळणं, शिंका, घशात जराशी खवखव, तर हळू आणि थोडं पळून बघायला हरकत नाही. दहा मिनिटांत बरं वाटलं तर पुढे, नाहीतर घरी. मानेच्या खाली उतरला, म्हणजे छातीत कफ, अंगदुखी, पोट बिघडणं किंवा ताप, तर अंथरूण.

मला दमा आहे. नागपूरची थंडी कोरडी, आणि कोरड्या गार हवेने माझ्या श्वासनळ्या आवळतात. पळायला सुरुवात करून आठ-दहा मिनिटं झाली की शीळ वाजल्यासारखा आवाज. पहिल्या हिवाळ्यात वाटलं की पळणं आपल्या नशिबात नाही. मग डॉक्टरांच्या सांगण्यावरून पळण्याच्या १५ मिनिटं आधी इनहेलर, भरपूर वेळ वॉर्म अप आणि नाका-तोंडावर सुती ओढणी. ओढणीच्या आत आपल्याच श्वासाने हवा ओलसर आणि कोमट होते. दोन किलोमीटरनंतर ती भिजते आणि गार लागायला लागते, म्हणून कमरेला दुसरी बांधलेली असते.

आणि शेकोट्या. डिसेंबरात पहाटे रस्त्याच्या कडेला चौकीदार, भाजीवाले, रिक्षावाले शेकत बसलेले असतात. बिचाऱ्यांनी काय करावं, थंडीच तशी. पण त्यात टायर, प्लास्टिकही जळतं आणि गार हवेत तो धूर वर न जाता रस्त्यावरच तरंगतो. म्हणून मी हिवाळ्यात संध्याकाळी शाळा सुटल्यावर अंबाझरीच्या बाजूला जाते. सर्दी असेल तर तेही नाही, कारण साधी सर्दी माझ्या छातीत उतरायला एक दिवस पुरतो.

लातूर जिल्हा, पोलीस भरतीची तयारी, वय २२

मी छंद म्हणून पळत नाही, नोकरीसाठी पळतो. मैदानी परीक्षा ५० गुणांची. त्यात १६०० मीटरला २०, बाकी १०० मीटर आणि गोळाफेक. १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत आलं की पूर्ण मार्क. एकेक सेकंदाला किंमत आहे.

आम्ही सात-आठ पोरं पहाटे साडेचारला डांबरी रस्त्याला असतो. ट्रॅकसूट एकच, तो रात्री धुतला तर सकाळी ओलाच. थंडीत पायाच्या पोटऱ्यांना गोळे यायचे. एका सैन्यातून निवृत्त झालेल्या काकांनी सांगितलं की अंग गरम झाल्याबिगर स्प्रिंट मारू नका. आता २० मिनिटं हळू पळतो, मग वेगाचं काम.

मागच्या ऑक्टोबरात मला डेंगू झाला. प्लेटलेट कमी झाल्या, सहा दिवस सलाईन. घरी आलो तर आडातून पाणी शेंदताना हात थरथरत होते. पोरं म्हणायची सराव सोडू नको, मागं पडशील. १२ दिवसांनी गेलो, ४०० मीटरला डोळ्यापुढं अंधारी आली. आईनं मग बूटच उचलून पेटीत ठेवले, कुलूप लावलं. तीन आठवडे बाजरीची भाकरी, गूळ-शेंगदाणे, अंडी. त्यानंतर आधी चालणं, मग अर्धं अंतर. मला वाटलं होतं सगळं गेलं. पण दोन महिन्यांत वेळ ५ मिनिटं २० सेकंदांवर आली, आजाराच्या आधी ५:१६ होती. अजून दहा सेकंद काढायचे आहेत. कुणी अनुभवी असेल तर सांगा.

शिकागो, मूळ सांगली, वय ३५

लातूरच्या भावा, आठवड्यातून एकदाच ४०० मीटरचे तुकडे वेगात, मध्ये पूर्ण दम घेऊन. बाकी दिवस हळूच पळ. वेग हळू पळण्यातूनही येतो. डेंगूनंतर दोन महिन्यांत एवढं परत आणलंस, तर दहा सेकंद जातील.

इथली थंडी वेगळी आहे. मिशिगन सरोवराच्या कडेने १८ मैलांचा, म्हणजे साधारण २९ किलोमीटरचा रस्ता आहे. जानेवारीत लाटा कठड्यावर आपटून त्याच्यावर येतात आणि तिथेच गोठतात. पहिल्या वर्षी सांगलीहून आणलेली कानटोपी घालून उणे १२ मध्ये पळायला गेलो. टोपी वर सरकली, डाव्या कानाची पाळी उघडी पडली. सुरुवातीला झोंबत होती, मग काहीच वाटेना, आणि मला वाटलं सवय झाली. घरी आरशात पाहिलं तर पाळी मेणासारखी पांढरी. कोमट पाण्याने शेकल्यावर जी आग झाली ती विसरणार नाही. आठवड्याने कातडी सोलून निघाली. झोंबायचं थांबणं हीच धोक्याची खूण, हे तेव्हा कळलं.

आता तीन थर घालतो, आतला सुती अजिबात नाही, कारण सुती कापड घाम धरून ठेवतं. दारातून बाहेर पडल्यावर थोडी थंडी वाजली पाहिजे, नाहीतर कपडे जास्त झालेत. जाताना वाऱ्याच्या समोर आणि येताना वारा पाठीशी, म्हणजे घामेजलेल्या अंगावर वारा येत नाही. बर्फ भुसभुशीत असेल तर पळतो. काळा, काचेसारखा थर असेल तर ट्रेडमिल. एकदा मनगट मोडून घेतलं आहे, दुसरं शाबूत ठेवायचं आहे. परत आल्यावर डिंकाचा लाडू. आई दर दिवाळीला डबा पाठवते, तो मी फेब्रुवारीपर्यंत पुरवतो.

ठाणे, दोन लहान मुलांची आई, वय ३६

माझी थंडी शाळेतून येते. धाकटा बालवाडीत आहे, दर पंधरा दिवसांनी नवी सर्दी घरी घेऊन येतो. आधी त्याला, मग थोरलीला, मग मला, शेवटी ह्यांना. पळण्याचं वेळापत्रक लिहून ठेवलं होतं, ते बघून इतकं निराश व्हायला होत होतं की मी ते फाडलंच. आता आठवड्याचे वार ठरवत नाही. महिन्याला १२ वेळा पळायचं, कधीही. कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, लाल पेनाने टिंब. नोव्हेंबरात १३ झाली, डिसेंबरात ९. डिसेंबरात दोन्ही मुलांना ताप होता, मीही रात्र रात्र जागी. ती ९ टिंबं मला १३ पेक्षा जास्त प्रिय आहेत.

कोल्हापूर, निवृत्त, वय ६७

थोडक्यात लिहितो. मला रक्तदाबाचा त्रास. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, दाब वाढतो, हे डॉक्टरांनी बजावून सांगितलं. म्हणून डिसेंबर-जानेवारीत रंकाळ्यावर साडेसातच्या आधी पाऊल टाकत नाही. घरी दहा मिनिटं हातपाय हलवून, कोमट पाणी पिऊन निघतो. थंडीत तहान लागत नाही म्हणून पाणी विसरू नका, विशेषतः माझ्या वयाच्यांनी. पळण्यापेक्षा भरभर चालणं जास्त होतं आता. चालतं.

पुन्हा पुण्याहून

सगळ्यांचं वाचलं. मुंबईच्या दादांचं तर घरात मोठ्याने वाचून दाखवलं, सासरे पण ऐकत होते. लातूरच्या दादा, ५:१० च्या आत आलास की इथे येऊन नक्की सांग, आम्ही सगळे वाट बघतो आहोत.

काल रात्रीपासून माझा घसा धरला आहे. सकाळी उठून आधी ताप पाहिला, नव्हता. अंथरुणातच नाडी मोजली, ६८. एरवी ६० असते, म्हणजे अंग आतून लढतंय. तरी कपडे घातले, जिने चढले-उतरले, टेकडीच्या पायथ्यापर्यंत चालत गेले. तिथे गवतावर दव होतं, बुटांची टोकं भिजली. वर बघितलं आणि परत फिरले. घरी येऊन गवती चहा केला. उद्या सकाळी परत नाडी बघेन. ज्यांनी अजून लिहिलं नाही त्यांनी लिहा, विदर्भ-खानदेशातून आणखी यायला हवेत.