बाय छी : अजिंक्य सेनापती की शरणागतांचा मारेकरी?

रानवाट (धागाकर्ता)
इ.स.पू. २६०, चीनमधलं चांगपिंग. झाओ राज्याची फौज ४६ दिवस अन्नावाचून कोंडली गेली होती. माणसं लपूनछपून एकमेकांना मारून खात होती, असं इतिहासकार सिमा छियान लिहितो. वेढा फोडायला निघालेला सेनापती झाओ कुओ बाणाने मेला आणि उरलेल्यांनी शस्त्रं खाली ठेवली. छिन राज्याच्या बाय छीने या शरण आलेल्या चार लाख लोकांना फसवून मारलं आणि पुरलं. त्याच्या व्यूहरचनेचं कौतुक वाचलं की माझ्या पोटात कालवतं. शरण आलेल्याला मारण्यात कसलं आलंय सेनापतित्व?

तोफखाना
असहमत. त्या काळाच्या रीतीने बघा ना. छिनमध्ये शत्रूचं मुंडकं आणलं की सैनिकाला बढती मिळे. हा कायदा छिनचा मंत्री शांग यांगने बाय छीच्या आधीच रुजवला होता. यीछ्वेच्या लढाईत (इ.स.पू. २९३) २,४०,००० मुंडकी मोजली गेली, तेव्हा दरबाराने बाय छीला बढतीच दिली. चांगपिंगसाठी तर छिनच्या राजाने स्वतः हनेई प्रदेशात जाऊन पंधरा वर्षांवरचे सगळे पुरुष गोळा केले. इतकं पिळून निघालेलं राज्य चार लाख कैद्यांना खायला काय घालणार होतं? सोडले असते तर तेच पुन्हा भाले घेऊन समोर उभे राहिले असते.

रानवाट
धान्याचं कारण तुमचं आहे, बाय छीचं नाही. त्याच्या तोंडी नोंदलेलं कारण असं, की शांगदांग प्रदेशाचे लोक छिनकडे न येता झाओकडे गेले, झाओचे सैनिक भरवशाचे नाहीत, सगळे मारले नाहीत तर बंड करतील. राजाची आज्ञा त्या नोंदीत कुठेच नाही.

अक्षरवेल
आकड्याबद्दल थोडं. १९९५ मध्ये गाओपिंगजवळच्या (चांगपिंगची लढाई झाली तोच भाग) योंगलू गावात एक खड्डा उकरला गेला. त्यात सुमारे १३० माणसांची हाडं निघाली आणि बऱ्याच हाडांवर घावांच्या खुणा होत्या. म्हणजे 'जिवंत पुरले' ही समजूत निदान त्या खड्ड्यापुरती तरी टिकत नाही. चार लाख मला फार वाटतात. पण चाळीस हजार असते तरी मी रानवाट यांच्याच बाजूने बोलले असते.

तोफखाना
त्याचा शेवटही बघा. चांगपिंगनंतर लगेच झाओची राजधानी हानदान घ्यायची त्याची तयारी होती. छिनचा मंत्री फान जूने राजाला तह करायला लावला. पुढे राजाला हानदान हवंसं झालं, तेव्हा बाय छीने वेळ निघून गेल्याचं साफ सांगितलं आणि आजारपण सांगून सेनापतिपद नाकारलं. वेढा फसला. राजाने त्याची पदवी काढून त्याला साधा सैनिक केलं, हद्दपार केलं आणि छिनची राजधानी शियानयांगबाहेर दूयौला तो पोचला तेव्हा मागून तलवार पाठवली, स्वतःचा जीव घे म्हणून. अशा माणसाला नुसता खाटीक म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

रानवाट
तोफखाना, इथेच तर माझं म्हणणं सिद्ध होतं. हरणारी लढाई दिसली तेव्हा त्याला राजाला नाही म्हणता आलं. म्हणजे नाही म्हणायची धमक होती. चांगपिंगला तर कुणाला नाही म्हणायचीही गरज नव्हती, नुसता हात आवरायचा होता. आणि ती तलवार हातात आल्यावर त्याने आधी विचारलं, मी देवाचा काय गुन्हा केला? मग थांबून स्वतःच म्हणाला, की मी मरायलाच हवं, चांगपिंगला शरण आलेल्यांना मी फसवून पुरलं. हा निकाल त्यानेच दिलाय.

कोरडवाहू
छिनच्या लोकांना तो निर्दोष मेला असं वाटलं, गावोगाव त्याला नैवेद्य दाखवले गेले. गाओपिंगला मात्र भाजलेल्या टोफूला आजही 'बाय छीचं मांस' म्हणतात, आणि खातात.

तोफखाना
तो कबुलीचा भाग मी विसरलो होतो, मान्य. पण त्याला घडवणाऱ्या राज्याला मोकळं सोडू नका, एवढंच.

रानवाट
नाही सोडत. माझ्या डोक्यातून जात नाहीत ती २४० पोरं. वयाने लहान म्हणून तेवढीच जिवंत ठेवली आणि झाओला परत पाठवली, घरोघरी बातमी सांगायला.