'फूड इन्सिक्युरिटी'ला मराठीत काय म्हणाल?

पानगळ: नर्सेससाठीच्या एका ट्रेनिंग पुस्तिकेचं भाषांतर करतेय आणि शीर्षकातच अडलेय. पेशंटला दोनच प्रश्न विचारायचेत, गेल्या 12 महिन्यांत हातात पैसे यायच्या आधीच घरातलं खाणं संपेल अशी धास्ती होती का, आणि खरंच संपलं का. 'अन्न असुरक्षितता' लिहिलं तर मैत्रिणीला वाटलं भेसळीबद्दल आहे.

टिंब: वाटणारच, फूड सेफ्टी आणि फूड सिक्युरिटी दोन्हीला आपण अन्नसुरक्षाच म्हणतो. सरळ 'उपासमार' लिहा की.

पानगळ: उपासमार फार पुढची गोष्ट. इथे चूल पेटते हो, पण पुरवून पुरवून, "माझं झालंय जेवून" म्हणत आई पोरांना वाढते, ते.

जुनीवही: ददात! खाण्यापिण्याची ददात.

टिंब: ददात 'नाही'शिवाय येतच नाही. 'कशाची ददात नाही' ठीक, 'आम्हाला ददात आहे' कोण बोलतं?

जुनीवही: आमची आजी 'ददात पडली' म्हणायची. आता आजी चुकली म्हणा.

सलाईन: मी नर्स आहे, 19 वर्षं झाली. शब्द कुठलाही ठेवा, पेशंटपुढे काढू नका. "भूक लागते का" विचारलं की "लागते की" म्हणतात आणि आपण ॲपेटाइट गुड लिहून मोकळे. एका काकांची शुगर सारखी खाली जायची, इन्सुलिनचा डोस अगदी बरोबर, जेवणच अर्धं, आणि ते कोणी विचारलंच नव्हतं. आता मी नातेवाईक बाहेर गेले की हळूच विचारते, गोळ्या जेवून घेता की तशाच? मग निघतं सगळं, तेव्हा डॉक्टरांना आणि सोशल वर्करला कळवता येतं.

शुद्धोदक: नर्स कशाला? परिचारिका म्हणा.

सलाईन: बरं. पण वॉर्डात हाक सिस्टरच येते.

टिंब: नर्स शब्द मूळ लॅटिनमधल्या भरवणे, पोसणे या धातूवरून आलाय, न्यूट्रिशनही त्यातलंच. नेमका या विषयाला चपखल बसणारा शब्द काढून परिचर्, म्हणजे भोवती फिरणं, घ्यायचं?

शुद्धोदक: परिचर् म्हणजे सेवा करणं, नुसतं फिरणं नव्हे. आणि भूक आली 'बुभुक्षा'वरून, खायची इच्छा. त्यामुळे 'लागते की' हे उत्तर बरोबरच आहे.

सलाईन: उत्तर बरोबरच होतं हो, प्रश्न चुकला होता.

पानगळ: माझं शीर्षक? उद्या द्यायचंय.

जुनीवही: ददात स्त्रीलिंगी बरं का.