आपत्कालीन विभाग बंद झाल्याचा मृत्यूंवरचा परिणाम कसा मोजावा?

प्रश्न: काही रुग्णालयांचे आपत्कालीन विभाग बंद झाले. हृदयविकाराच्या झटक्याचे रुग्ण घेऊन आधीचा आणि नंतरचा रुग्णालयातला मृत्युदर ताडून पाहिला तर पुरेल का?

उत्तर १: अजिबात नाही. अंतर वाढलं की काही जण वाटेतच दगावतात. ते भरतीच्या नोंदीत येतच नाहीत आणि दर उलट सुधारलेला दिसतो! गट रुग्णाच्या राहत्या पत्त्यावरून पाडा, रुग्णालयावरून नको. मृत्युनोंदणी जोडून झटक्यानंतरच्या ३० दिवसांतले मृत्यू धरा, घरी आणि वाटेत झालेल्यांसकट. उपचार एरवीही सुधारत असतात, म्हणून जिथे काही बंद झालं नाही असा तुलनागट हवाच.

उत्तर २: तो तुलनागट जपून निवडा. शेजारच्या ज्या रुग्णालयावर वाढीव गर्दी येते, तिथल्या रुग्णांचंही नुकसान होऊ शकतं. त्यांना तुलनागटात टाकलंत तर परिणाम खोटाच कमी दिसेल. त्यांचा तिसरा गट करा. अंतर किलोमीटरमध्ये नको, रस्त्याने लागणाऱ्या मिनिटांत मोजा.

उत्तर ३: निदानाची व्याख्या तपासलीत का? अतिसंवेदनशील ट्रोपोनिन चाचणी (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन अगदी थोडं असलं तरी ओळखणारी) आली की सौम्य झटकेही मोजले जातात आणि मृत्युदर आपोआप घसरतो. ईसीजीत (हृदयाच्या विद्युत आलेखात) एसटी हा भाग उंचावलेले, म्हणजे सहसा मोठ्या झटक्याचे, रुग्ण वेगळे काढून पाहा. विभाग बंद होण्याआधीच्या काही वर्षांचे मृत्युदराचे तिमाही आलेखही काढा. बंदचा फटका बसलेला गट आणि तुलनागट यांच्या रेषा तेव्हाच फाकत असतील तर ही तुलना टिकणार नाही.

प्रश्नकर्ता: आभार. मृत्युनोंदणी जोडण्याची परवानगी आधी मागतो.