सायकलला घरीच मोटर: हर्णै ते दापोली चढ झेपेल का?

बंदरकर: लोखंडी फ्रेमची २६ इंची सायकल आहे. मागे ७ गिअर, व्ही-ब्रेक. रोज हर्णैहून दापोलीला जाऊन-येऊन करायचंय. मोटरचं किट ३६ व्होल्ट २५० वॅटचं घेऊ की सरळ ५०० चं? मोटर पुढे की मागे? आणि आपल्याकडच्या पावसात, खाऱ्या वाऱ्यात वायरिंग टिकतं का?

चढउतार: मागेच बसवा. चढावर भार मागे जातो, पुढचं चाक हलकं होऊन ओल्या रस्त्यावर नुसतं फिरत राहतं. आधी मागच्या ड्रॉपआउटमधलं (चाक बसतं त्या फ्रेमच्या दोन खाचांमधलं) आतलं अंतर मोजा, बहुतेक किटना १३५ मिमी लागतं. हब मोटर (चाकाच्या मध्यातच बसणारी) गिअर्डच घ्या, म्हणजे आत गिअर असलेली. बिनगिअरची डायरेक्ट ड्राइव्ह हळू चढावर तापते.

५०० चा मोह टाळा. २५० वॅटच्या आत आणि ताशी २५ किमीच्या आत असलं तर नोंदणी, लायसन्स काही नको. हिशेब बघा: सायकल, तुम्ही, सामान मिळून १०० किलो, ८ टक्के चढ, वेग ताशी १२ किमी. नुसत्या चढालाच २६० वॅट लागतात. म्हणजे मोटर एकटी ओढणार नाही, खालच्या गिअरवर पॅडल मारायचंच. नुसत्या थ्रॉटलवर रांगत चढाल तर मोटरमधलं तारेचं वाइंडिंग जळेल.

दापोली समुद्रापासून साधारण २४० मीटर उंच. तेवढ्या चढाला मोटरचा तोटा धरून ८५-९० वॅट-तास, शिवाय पंधराएक किमी अंतराचे वेगळे. ३६ व्होल्ट १० एएच (अँपिअर-तास) बॅटरी म्हणजे ३६० वॅट-तास, पॅडल मारलंत तर पुरतील. १३ एएच घेतलीत तर निवांत. उतारावर चार्ज होईल ही आशा सोडा, गिअर्ड हबमध्ये ते होत नाही. कंट्रोलर (मोटरला वीज सोडणारा डबा) १५ अँपिअरचा असेल तर बीएमएस, म्हणजे बॅटरीतलं संरक्षण सर्किट, किमान २० चा हवा.

खारावारा: टॉर्क आर्म, म्हणजे मोटरचा आस फिरू न देणारी फ्रेमला बांधायची पट्टी, विसरू नका. अ‍ॅक्सल खाचेत फिरला की आतून येणारी वायर पिळवटून तुटते आणि मोटर गेली.

वायर अ‍ॅक्सलमधून बाहेर पडते तिथे खाली झोका ठेवा, पाणी त्या टोकावरून गळून जाईल. कनेक्टरच्या पिनांना सिलिकॉन ग्रीस लावा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सीलंट मात्र नको, त्यातलं आम्ल तांबं खातं. कंट्रोलर वायरी खाली तोंड करून लावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नका, आत दव साचतं.

जांभ्याचा लाल चिखल व्ही-ब्रेकची रबरं आणि रिम दोन्ही झिजवतो. किटने सहा-सात किलो वाढणार, दापोलीहून उतरताना ते जाणवतील. कटऑफवाले (दाबताच मोटर बंद करणारे) ब्रेक लिव्हर लावाच.

बंदरकर: किट बसवलं. थ्रॉटल दिला की चाक गुरगुरतं, झटके देतं, पुढे सरकत नाही. रंगाला रंग जोडलाय.

चढउतार: रंग जुळले म्हणजे क्रम जुळला असं नसतं. कंट्रोलरला लर्निंगच्या (योग्य क्रम आपोआप शोधायच्या) दोन वायरी असतील तर चाक उचलून त्या जोडा, चाक सरळ फिरायला लागलं की सोडवा. उलटं फिरलं तर पुन्हा जोडा.

तरी नाही झालं तर हॉल सेन्सर (मोटर कुठवर फिरली ते कंट्रोलरला सांगणारे) तपासा. त्यांच्या लाल-काळ्या वायरींत ५ व्होल्ट हवेत. मग मीटर एकेका सिग्नल वायरला लावून चाक मागे फिरवा, आकडा ० आणि ५ च्या आसपास उड्या मारायला हवा. मागेच फिरवायचं, कारण पुढे फिरवलं की आतला क्लच सुटतो, मोटर जागची हलत नाही आणि चांगला सेन्सरही मेलेला वाटतो. एखादी वायर हललीच नाही तर मोटर उघडण्याआधी प्लगमधली पिन बघा. दाबताना मागे सरकलेली असते, बरेचदा तेवढंच.