घरच्या घरी ड्रॉवरचं कपाट: तुमचे अनुभव लिहा

टेंबलाईकर
परवा पावसाचा पहिला दणका बसला आणि आईच्या खोलीतल्या कपाटाचा मधला ड्रॉवर अडकला. दरवर्षीचंच आहे. पावसाळ्यात अडकतो, दिवाळीच्या आसपास आपोआप सुटतो. आईनं जाहीर केलं, "आता दसऱ्यापर्यंत त्यातलं कुणी काय मागू नका."

ते कपाट वडिलांचं. कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या जुन्या घरी, मागच्या पडवीत केलेलं. कामावरून आले की शर्ट खुंटीला आणि रंधा हातात. ढलप्या आम्ही पोरं कानात अडकवून फिरायचो, उरलेल्या बंबात जायच्या. सगळं सागवान, एकही चॅनल (ड्रॉवर सरकायची धातूची पट्टी) नाही, लाकडावर लाकूड सरकतं. वरच्या ड्रॉवरना पितळी मुठी लागल्या, खालच्यांना अजून सुतळीची वेणी आहे. मधेच धाकट्याचा जन्म झाला आणि काम थांबलं ते थांबलंच.

आता जिन्याखाली मी माझं छोटं वर्कशॉप मांडलंय. पहिलं मोठं काम म्हणून हेच करायचं डोक्यात आहे. केलेल्यांनी लिहा. वडील, आजोबा, शेजारी, कुणाचेही किस्से चालतील.

खटक्यावर बोट
आधी स्टूल कर भावा. मग पाट. मग बघू.

उद्यमनगरी
आमचे तात्या फौंड्रीत पॅटर्न मेकर. म्हणजे ओतकामाचा साचा ज्या लाकडी नगावरून वाळूत उठवतात तो नग करणारे. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना आकसतं, साधारण मीटरला १० मिमी. म्हणून त्यांची मोजपट्टीच वेगळी असते, खऱ्या मापापेक्षा तेवढी लांब. तात्यांनी घरात ड्रॉवरचं कपाट केलं ते त्याच पट्टीनं. हाताला तीच सवय! कपाट झकास झालं, ड्रॉवर लोण्यासारखे, कारण सगळंच एका प्रमाणात वाढलेलं. फक्त भिंतीतल्या ज्या तीन फुटी कोनाड्यासाठी केलं होतं त्यात ते जाईना. ९ मिमी जास्त. आई म्हणाली कपाट तासा, तात्या म्हणाले भिंत तासा. भिंत तासली.

अजून एक. पॅटर्न वाळूतून अलगद निघावा म्हणून त्याला किंचित उतार देतात. तीच नजर त्यांनी इथं लावली. कपाटाचा खण मागच्या बाजूला केसभर रुंद ठेवला, त्यामुळं ड्रॉवर आत जाताना कधीच आवळत नाही. हे कुठल्या व्हिडिओत दाखवत नाहीत.

रस्साभाकर
भिंत तासली 🤣🤣 नाद खुळा तात्या

कळंब्याची
मी पोरगी असून रंधा मारायला शिकलो ते आजोबांकडं. घरातले म्हणायचे हिला भाकरी थापायला शिकवा. आजोबा म्हणायचे, भाकरी कुणीबी थापंल.

टेंबलाईकर, तुमचा ड्रॉवर का अडकतो सांगतो. लाकूड लांबीत जवळपास वाढत नाही, रुंदीत वाढतं. दमट हवेत ड्रॉवरच्या बाजूच्या फळ्या उंचीला फुगतात आणि वरच्या पट्टीला घासतात. म्हणून पावसाळ्यात रंधा मारायची घाई करू नका, उन्हाळ्यात मग तिथं फट दिसेल. घासलेली चकाकी कुठं आलीय बघून तिथं मेणबत्ती चोळा. नवीन करताना वरच्या बाजूला फट ठेवूनच करा, आणि तळाची फळी खाचेत मोकळी बसवा. तिला फेव्हिकॉल लावला की ती फुगताना सांधे उघडते, नाहीतर वाळताना मधोमध चिरते.

आणि रंधा अडकत अडकत चालला, ढलपी तुटक निघाली, तर फळी फिरवून दुसऱ्या बाजूनं मारा. लाकडाच्या रेषा उलट्या असतात.

टेंबलाईकर
मेणबत्ती लगेच करतो. म्हणजे ड्रॉवर आधी बाहेर यायला पाहिजे.

कळंब्याची
त्याच्या वरचा काढा, वरून हात घालून ढकला.

प्लाय झिंदाबाद
एवढा त्रास कशाला? १८ मिमी प्लाय, टेलिस्कोपिक चॅनल, विषय संपला. चॅनलला दोन्हीकडं अर्धा अर्धा इंच लागतो. मी आतल्या मापातून २६ मिमी वजा करून ड्रॉवरची रुंदी काढतो. २५ वर घट्ट होतं, प्लायच्या जाडीचा काय भरोसा नाही, १८ म्हणून घेतला तरी जाडी मोजूनच घ्या. चौकट चिकटवल्यावर दोन्ही कर्ण मोजायचे. कर्ण सारखे तर कपाट काटकोनात, मग चॅनल आपोआप पळतं.

उद्यमनगरी
चॅनल लावलं की ते ऑफिसचं टेबल. घरचं कपाट न्हवं.

प्लाय झिंदाबाद
बरं. आमच्यात सगळे ड्रॉवर बारा महिने उघडतात, एवढंच सांगतो 🙏

पंचगंगाकाठ
प्लायचं कौतुक २०१९ च्या ऑगस्टपर्यंत आम्हीपण करायचो. शाहूपुरीत तळमजला. पुराचं पाणी उतरल्यावर आत गेलो तर साधा प्लाय वहीच्या पानांसारखा सुटलेला, भुश्याच्या बोर्डाचं तर नुसतं पीठ. आजीचं सागवानी कपाट मात्र चिखल धुऊन, ड्रॉवर काढून, सावलीत कितीतरी दिवस ठेवलं आणि उभं राहिलं. थोडं वाकडं, पण वापरात आहे. उन्हात ठेवू नका कुणी, फटाफट चिरतं.

आता नियम असा की पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट, म्हणजे इशारा पातळी, लागली की खालचे दोन ड्रॉवर रिकामे. ४३ धोक्याची, तोवर थांबायचं नाही. सुटे निघणारे ड्रॉवर तसेच्या तसे उचलून माडीवर नेता येतात. चॅनलवाले स्क्रू शोधत बसतात.

प्लाय झिंदाबाद
चॅनलला खटका असतो हो, दाबला की ड्रॉवर बाहेर. पण पुराचं पटलं. पाण्यात टिकणारा मरीन प्लाय घ्यायला पाहिजे खाली तरी.

रस्साभाकर
आजीचं कपाट म्हटल्यावर आठवलं, आमच्या आज्जीच्या कपाटात चोरखण होता. एक ड्रॉवर बाकीच्यांपेक्षा हातभर आखूड, त्याच्या मागं पोकळी. साज तिथं. घरात सगळ्यांना माहीत, पण कुणाला माहीत नाही असं सगळे दाखवायचे.

खटक्यावर बोट
पत्ता पाठव

रस्साभाकर
साज काकीकडं गेला. आता त्यात वीजबिलं असतात.

कळंब्याची
आमच्याकडं ड्रॉवरमधे कडुनिंबाचा वाळका पाला. कपड्यांना तो वास अजून येतो. लग्नाचा शालू पण कडू.

माहेर कोल्हापूर
मी सध्या बाणेरला. नवऱ्यानं लॉकडाऊनमध्ये पार्किंगमध्ये बसून केलं. सोसायटीची नोटीस आली, आवाजाबद्दल. पण लिहायचं वेगळंच आहे. घरात लहान मूल असेल तर कपाट भिंतीला एल पट्टीनं बांधा. पोरं खालचे ड्रॉवर उघडून पायऱ्या करतात, सगळं वजन पुढं येतं आणि कपाट तोंडावर पडतं. अमेरिकेत असे मृत्यू झाले म्हणून २०१६ साली आयकियानं सुमारे २ कोटी ९० लाख कपाटं परत मागवली होती. आमचा मुलगा वरच्या ड्रॉवरपर्यंत पोचला होता, पट्टी होती म्हणून.

टेंबलाईकर
बापरे. आजच बांधतो. मीपण लहानपणी चढायचो त्याच्यावर, पाठीवर धपाटा मिळायचा.

माहेर कोल्हापूर
पेठेत आता चांगली मिसळ कुठं मिळते हो? पुढच्या आठवड्यात येतेय.

खटक्यावर बोट
हा प्रश्न इथं विचारू नका, धागा पाचशेवर जाईल.

आजरा घनसाळ
उशिरा आलो. टेंबलाईकर, लाकूड घेतलं का? आमच्या शेतावर फणस पडला होता, त्याच्या इंची फळ्या कापून मधे पट्ट्या घालून सावलीत रचल्यात. वाळायला इंचाला एक वर्ष म्हणतात, दोन पावसाळे होऊन गेले. आत्ता पिवळ्याधमक आहेत, पुढं तांबूस होत जातात. ड्रॉवरच्या बाजूंना चांगल्या. पैसे नकोत, फक्त घेऊन जा, म्हातारा म्हणतोय गोठ्यात जागा नाही.

टेंबलाईकर
घेतो घेतो! किती लांब आहेत?

आजरा घनसाळ
सहा फूट, काही सात. कारमधे बसणार नाहीत.

उद्यमनगरी
शनिवारी आमचा टेम्पो गडहिंग्लजला रिकामा जातोय. येताना कास्टिंग आहे, पण वर जागा निघंल. ताडपत्री तुमची.