रेडिएटरचं काम घरीच केलं, आणि इंजिन बोलायला लागलं: तुमचे अनुभव लिहा

छत्रपती संभाजीनगर

एप्रिल लागला की बॉनेट वर करून उभ्या असलेल्या गाड्या दिसायला लागतात. जालना रोडवर दिसतात, मांजरसुंब्याच्या घाटात तर हमखास. होज पाईप, थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावरच रेडिएटरकडची वाट उघडणारा व्हॉल्व), पाण्याचा पंप घरच्या घरी बदलणारेही आता पुष्कळ झालेत. गळती थांबते, माणूस खूश होतो, आणि दुसऱ्या दिवशी बॉनेटखालून आजवर कधी न ऐकलेला आवाज यायला लागतो. हा धागा त्या आवाजांसाठी आहे.

एक विनंती. नुसतं 'आवाज येतो' लिहू नका. इंजिन गार असताना येतो की तापल्यावर, गाडी उभी असताना की रेस दिल्यावर, आणि तुम्ही नेमकं काय काय उघडलं होतं, तेवढं लिहाच. त्याशिवाय फोनवर नाडी बघितल्यासारखं होतं.

सुरुवात मीच करतो. माझी जुनी पेट्रोल गाडी. खालचा होज फुगला होता, तो बदलला, कूलंट गळ्यापर्यंत भरलं. सकाळी चालू केली की डॅशबोर्डच्या मागे खळखळ. रेस दिली की वाढायची, गरम झाल्यावर कमी व्हायची, जायची मात्र नाही. उस्मानपुऱ्यातल्या एका उस्तादांना नुसता आवाज ऐकवला. बॉनेट न उघडताच म्हणाले, "पानी कम नै भाई, हवा है अंदर."

हवा होती हीटरच्या छोट्या रेडिएटरमध्ये. पाणी वरून ओतलं की ते खाली बसतं, पण हवा उंच जागा धरून बसते, आणि बऱ्याच गाड्यांत हीटरची नळी ही अशीच उंच जागा असते. ती काढायची रीत अशी: इंजिन पूर्ण गार. गाडीचं तोंड चढावर (आमच्या घराचा रॅम्प कामाला आला). रेडिएटरचं झाकण उघडं, हीटरचा नॉब पूर्ण गरमवर. मे महिन्यात संभाजीनगरात हीटर लावून बसणं काय असतं ते ज्याचं त्याला ठाऊक. इंजिन स्लोवर चालू ठेवायचं. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान उघडतो. त्या क्षणी पाणी एकदम खाली जातं. तेवढं पुन्हा भरायचं, हातात फडकं घेऊन वरचा होज दाबत राहायचं. बुडबुडे थांबले की झाकण लावायचं. काही इंजिनांवर हवा काढायला वेगळा स्क्रू असतो, तो असेल तर काम सोपं. दुसऱ्या दिवशी रेडिएटरला जोडलेल्या कूलंटच्या बाटलीतली पातळी बघायचीच, कारण राहिलेली हवा रात्रीतून पाणी ओढून घेते. आणि बुडबुडे थांबतच नसतील तर ती आत राहिलेली हवा नाही, प्रकरण वेगळं आहे. त्यावर कोणीतरी लिहीलच.

जालना

माझा आवाज सकाळचा. चालू करताच चींऽऽ, चार-पाच सेकंद, मग गप्प. एसी लावला की पुन्हा. पंप बदलताना बेल्ट काढून घातला होता, त्यामुळे संशय तिथंच.

इथं एक साधी परीक्षा सांगतो. इंजिन चालू असताना बेल्टच्या आतल्या बाजूवर, हात लांब ठेवून, फवाऱ्याच्या बाटलीने थोडं साधं पाणी मारा. आवाज वाढला तर बेल्ट ढिला आहे, घसरतोय. आवाज क्षणभर बंद होऊन परत आला तर पुली एका रेषेत नाहीत. माझा वाढला. दोन पुलींच्या मधे अंगठ्याने दाबून अर्धा इंच खाली जाईल इतका ताण जुन्या पट्टीच्या बेल्टला पुरतो. त्याहून घट्ट करू नका. चींचीं थांबते, पण महिनाभरात अल्टरनेटरचं नाहीतर पंपाचं बेरिंग सूंऽ करायला लागतं, आणि ते महागात पडतं.

कूलंट बेल्टवर सांडलेलं असेल तरी असाच आवाज येतो. ते चिकट असतं. साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवला की बऱ्याचदा बेल्ट शांत होतो.

परभणी, ट्रॅक्टर

आमचं गणित वेगळं हाय. सोयाबीनची मळणी चालली की भुसा सगळा रेडिएटरच्या जाळीत. मशीन तापू लागलं म्हणून रेडिएटर काढून रेडिएटरवाल्याकडं दिला, त्यानं टाक्या उघडून नळ्यांत सळ्या घालून साफ केला, म्या आणून बसवला. लै झकास. शेतात नेऊन रेस दिली की टकटकटकटक. स्लोला काहीच नाही.

गावातल्या फिटरनं सांगितलं, टॅपेट (व्हॉल्व उघडणारा भाग). दुसऱ्यानं सांगितलं, बेरिंग गेलं. इंजिन खोलायच्या गोष्टी सुरू झाल्या राव! मग आमच्या चुलत्यानं पंख्याच्या पात्यांकडं बोट दाखवलं. तीन पात्यांच्या टोकाचा रंग गेलेला, लखलखीत लोखंड. रेडिएटर खाली ज्या रबरी गट्ट्यांवर बसतो, त्यातली एक गट्टी दुकानातून परत आलीच नव्हती. रेडिएटर एका अंगाला झुकला, पंख्याभोवतीचं कडं पात्याला लागू लागलं. रेस दिली की इंजिन हालतं, म्हणून आवाज तेव्हाच. जुन्या टायरचा तुकडा कापून घातला, बंद.

आता मळणीच्या दिवसांत रोज संध्याकाळी आतून बाहेर हवा मारून भुसा काढतो. बाहेरून आत मारली की भुसा आणखी घट्ट बसतो, हे पोराला दहादा सांगावं लागतं.

अंबाजोगाई

परभणीच्या दादांनी पंख्याचा विषय काढलाच आहे तर विजेच्या पंख्याचं सांगते. आमच्या गाडीच्या पंख्याची मोटर जळाली, मी आणि भावाने मिळून नवी बसवली. पंखा फिरायला लागला, पण आवाज पहिल्यापेक्षा मोठा, घोंगावल्यासारखा, आणि काटा तरीही वर. पंखा उलटा फिरत होता. नव्या मोटरच्या वायरींचे रंग जुन्याशी जुळत नव्हते, त्यामुळे प्लस-मायनसची अदलाबदल झालेली. गाडी पळताना समोरून येणारा वारा आणि पंखा ढकलत असलेली हवा, दोघांची रेडिएटरमध्ये झटापट.

ओळखायला वर्तमानपत्राचा कागद पुरतो. पंखा रेडिएटरच्या मागे असेल तर कागद पुढून जाळीला चिकटला पाहिजे. उडून लांब गेला तर वायरी बदला.

लातूर

आमच्याकडचा खरा आजार पाणी. बोअरचं जड पाणी. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणलं गेलं, तेव्हा प्यायलाच नव्हतं तर रेडिएटरला डिस्टिल्ड कोण आणणार? टँकरचं जे मिळालं ते ओतलं सगळ्यांनी. त्याचा क्षार इंजिनाच्या पाण्याच्या वाटांत बसला.

दोन वर्षांपूर्वी केमिकल टाकून सिस्टीम धुतली. त्यानंतर चढावर कडकड आणि गाडी बंद केल्यावर आतून आधण आल्यासारखा गुडगुडाट. काटा मात्र मधोमध! हेच फसवं असतं. सुटलेल्या पापुद्र्यांनी रेडिएटरच्या अर्ध्या नळ्या बुजल्या होत्या, आणि सिलिंडरच्या डोक्याजवळ पाणी जागच्या जागी उकळत होतं. उकळलेल्या जागी वाफ, वाफेच्या जागी धातू जास्त गरम, आणि तेवढ्याने पेट्रोल वेळेआधी पेटून कडकड. सेन्सर दुसरीकडे, त्याला यातलं काही कळत नाही.

नळ्या मोकळ्या करून घेतल्या आणि झाकणही बदललं. झाकणाकडे कोणी बघत नाही. त्यावर बऱ्याचदा ०.९ (बार) लिहिलेलं असतं, म्हणजे तेवढा दाब ते धरून ठेवतं, आणि त्या दाबाखाली पाणी ११५ अंशांच्या पुढे जाईपर्यंत उकळत नाही. स्प्रिंग ढिली पडली, रबर कडक झालं, की आपल्या उन्हात ते शंभरच्या आसपासच उकळायला लागणार. दोन-तीनशे रुपयांची वस्तू असते हो. आता निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड, दुसरं काही नाही.

नांदेड

एस.टी.च्या वर्कशॉपात आयुष्य गेलं, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

आवाज आतला की बाहेरचा हे आधी ठरवा. इंजिन गार असताना फॅन बेल्ट काढा आणि अर्धा मिनिट इंजिन चालवा, जास्त नाही, कारण पंप बंद असतो. आवाज गेला तर दोष बेल्टवर फिरणाऱ्या वस्तूंत: पंप, अल्टरनेटर, आयडलर (बेल्टला नुसता आधार देणारी पुली). तेव्हाच एकेक पुली हाताने फिरवून बघा. खरखर लागली, हलवल्यावर डुलली, तर बेरिंग गेलं. पंपाच्या पोटाला एक बारीक भोक असतं. तिथून पाणी ओघळल्याचा डाग दिसला की सील गेलं, आणि मागोमाग बेरिंगही जाणार. ते भोक एम-सीलने बुजवणारे महाभाग मी पाहिलेत.

लांब स्क्रू ड्रायव्हर, मूठ कानाला, टोक पंपाच्या अंगाला. पंपावर घरघर मोठी आणि अल्टरनेटरवर बारीक ऐकू आली, की निकाल लागला. शर्टाची बाही आणि गळ्यातला गमछा आधी बाजूला ठेवा.

नवा पंप पहिल्या दिवसापासून घासल्याचा आवाज करत असेल तर पॅकिंग तपासा. कागदी पॅकिंगऐवजी नुसतं सिलिकॉन लावून आवळला की काही इंजिनांत आतलं चक्र ब्लॉकला टेकतं. शिवाय जास्तीचं सिलिकॉन आत सुटून रेडिएटरच्या तोंडाशी जातं ते वेगळंच.

आता थर्मोस्टॅट. 'आपल्याकडे ऊन, व्हॉल्व काढून टाका' हा सल्ला मराठवाड्यात प्रत्येक कोपऱ्यावर फुकट मिळतो. तो ऐकून डिझेल गाडी सकाळी जास्त वेळ टकटक करते म्हणून माझ्याकडे येणारे अजून आहेत. डिझेल गरम हवेत पेटतं. इंजिन गारच राहिलं की ते पेटायला उशीर लावतं, तोवर साठतं, आणि मग एकदम भडकतं. तीच टकटक. काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाटही बंद करतो. तो नसेल तर गरम पाणी रेडिएटरला न जाता तसंच फिरत राहतं आणि गाडी उलट जास्त तापते. बिघडला असेल तर नवा घाला. तपासायचा असेल तर पातेल्यात पाणी उकळून त्यात सोडा. उघडला की चांगला.

बीड

नांदेडच्या काकांना नमस्कार. धागाकर्त्यांनी वर न थांबणाऱ्या बुडबुड्यांचा उल्लेख केलाय, ते आमच्या घरी झालं.

घाटात गाडी उकळली. फुटलेला होज जागेवरच बदलून घरी आलो. त्यानंतर सकाळी चालू करताना पहिली काही सेकंदं एका सिलिंडरचा ठेका चुकायचा, सायलेन्सरमधून पांढरा धूर, मग सगळं सुरळीत. वरचा होज मात्र इंजिन गार असतानाच, चालू केल्या केल्या दगडासारखा. पाणी तापायच्या आधीच दाब आला म्हणजे तो सिलिंडरमधून येतोय. हेड गॅसकेट, म्हणजे इंजिनाचं डोकं आणि ब्लॉक यांच्या मधलं पॅकिंग. ऑईलची पट्टी अजून स्वच्छ होती. ती दुधाळ झाली असती, म्हणजे ऑईलमध्ये पाणी मिसळलं असतं, तर बेरिंगही गेली असती. हेड उघडून फेस करून (घासून सपाट करून) घेतलं.

हे घरी करायचं काम नाही, असं माझं मत. तसंच ज्या इंजिनात पाण्याचा पंप टायमिंग बेल्टवर चालतो त्याचंही. तिथं बेल्ट एक-दोन दात सरकून बसला की गाडी ओढत नाही, आवाज बदलतो, आणि काही इंजिनांत व्हॉल्व पिस्टनवर आदळतात. असा आवाज आला की दुसऱ्यांदा चावी फिरवू नका.

धाराशिव

आमची खडखड फक्त खड्ड्यात. चार जणांनी चार निदानं केली. खालच्या प्लास्टिकच्या ट्रेमध्ये दहाचा रिंग पाना निघाला. तो शेजाऱ्यांचा होता.

हिंगोली

माझी डिझेल जीप. रेडिएटर काढून बसवला, तेव्हापासून रोज सकाळी चालू केली की पंख्याचा बसच्या इंजिनाएवढा आवाज. गावाबाहेर पडेपर्यंत कमी होतो. आधी होता का, लक्ष नव्हतं. पंखा खराब झाला का?

नांदेड

दादा, पंख्याच्या मधोमध डबीसारखा गोल भाग आहे का? असेल तर तो व्हिस्कस क्लच. त्यात सिलिकॉन तेल असतं. गाडी रात्रभर उभी राहिली की तेल कामाच्या खणात उतरतं, त्यामुळे सकाळी पंखा घट्ट धरला जातो आणि घोंगावतो. दोन-चार मिनिटांत तेल परत जातं, आवाज जातो. तुमचं वर्णन तसंच आहे, काळजी नको. दिवसभर, गार हवेतही तसाच घोंगावत राहिला तर क्लच जाम झाला समजा. उलट बाजूही बघून ठेवा: इंजिन चांगलं तापल्यावर बंद करा, चावी काढून खिशात ठेवा, आणि पंखा हाताने ढकला. अडखळत थांबला तर ठीक. मोकळा दोन-तीन फेऱ्या फिरत राहिला तर तेल गळून गेलंय, आणि मे महिन्याच्या आधी बदला. रेडिएटर काढताना ती डबी आडवी करून ठेवली होती का, तेही कळवा.